अ‍ॅम्प्लिफायर बदलतो तेव्हा

हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर बदलला, तर घरातल्या इतर कोणाला काहीच कळत नाही, ही या छंदाची सर्वांत सोयीची बाजू आहे. टेबलावर एका काळ्या डब्याच्या जागी जवळपास तसाच दुसरा काळा डबा आलेला असतो आणि एक माणूस डोळे मिटून त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा ऐकत असतो. त्या माणसाला ‘नव्याचा आवाज कसा आहे?’ असे विचारले, तर तो उत्साहाने विशेषणांची माळ लावील. परंतु माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या हेडफोनवर, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

सेन्हायझर कंपनीचा एचडी ६५० हा हेडफोन घ्या. त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, ३०० ओहम असल्यामुळे तो ‘चालवायला जड’ म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात एक व्होल्ट दिला, की तो १०३ डेसिबलपर्यंत पोहोचतो, आणि संगीतातले क्षणिक उंचवटे ११० डेसिबलपर्यंत जावेत अशी अपेक्षा धरली, तरी सव्वादोन व्होल्ट म्हणजे जेमतेम १७ मिलिवॅट पुरतात. याउलट हायफायमनचा एचई-६ अवघा ५० ओहमचा असून एका मिलिवॅटला फक्त ८३.५ डेसिबल देतो. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॅट लागतात. पहिल्याला साडेसात मिलिअ‍ॅम्पिअर पुरत असताना हा जवळजवळ ९५ मिलिअ‍ॅम्पिअर मागतो. ओहमचा आकडा मोठा म्हणून हेडफोन अवघड, हा समज इथेच गळून पडतो. चुंबकांच्या मधोमध ताणलेला पातळ पडदा असलेला हा प्लॅनर हेडफोन अशक्त अ‍ॅम्प्लिफायरवर गातो खरा, पण तबल्याची जोरकस थाप येताच अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा संपते, लहरींचे माथे छाटले जातात आणि थापेतली धार जाऊन नुसता दणका उरतो. दमदार अ‍ॅम्प्लिफायर आल्यावर ती धार परत येते. अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याचा इतका निर्विवाद फायदा मला दुसऱ्या कोणत्याही हेडफोनवर ऐकू आलेला नाही.

ताकदीपेक्षा मला अधिक रस आहे तो अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या आउटपुट इम्पिडन्समध्ये, म्हणजे त्याच्या बाहेर जाण्याच्या टोकाशी असलेल्या विरोधात, कारण तिथे एकच डबा दोन हेडफोनांशी दोन तऱ्हांनी वागतो. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या १९९६ सालच्या एका मानकात यासाठी १२० ओहम हे मूल्य दिले होते. आजचे बहुतेक चांगले अ‍ॅम्प्लिफायर एका ओहमच्याही खाली असतात. एचडी ६०० आणि ६५० यांचा इम्पिडन्स सगळीकडे ३०० राहत नाही, तर खर्जात, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, तो ५०० ओहमच्या घरात चढतो. समोर १२० ओहमचा अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर व्होल्ट दोघांच्या इम्पिडन्सच्या प्रमाणात वाटले जात असल्यामुळे नेमक्या त्या भागाला इतरांपेक्षा सुमारे एक डेसिबल जास्त वाटा मिळतो आणि डग्ग्याचा घुमारा किंचित भरीव होतो. काही व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरांची जी ऊब वाखाणली जाते, तिचा एक भाग हाच असतो. असा अ‍ॅम्प्लिफायर काढून अचूक, कमी इम्पिडन्सचा आणणाऱ्याला खर्ज हरवल्यासारखा वाटतो, आणि मोजमाप त्याच्याच बाजूने साक्ष देते. प्लॅनर हेडफोनला मात्र या बदलाचे सोयरसुतक नसते. त्याचा इम्पिडन्स जवळपास सपाट असल्यामुळे आवाज थोडा कमी-जास्त होतो, पोत बदलत नाही. सर्वांत नाजूक प्रकृती असते ती अनेक ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारे घटक, असलेल्या इअरफोनची. एखाद्याचा इम्पिडन्स एका पट्टीत ४० आणि दुसरीत ८ ओहम असला, तर केवळ १० ओहमच्या आउटपुटवर त्या दोन पट्ट्यांमधला तोल पाच डेसिबलने ढळतो. हा नुसता छटेतला फरक नव्हे. तो जणू निराळाच इअरफोन होतो.

आता एक अडचण सांगायला हवी. थोडा मोठा आवाज आपल्याला नेहमीच अधिक चांगला वाटतो. हळू आवाजात कानाला खर्ज आणि वरच्या पट्ट्या कमी जाणवतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच वक्र काढून दाखवले होते. त्यामुळे नव्या अ‍ॅम्प्लिफायरची कळ नकळत थोडी पुढे सरकली, तरी संगीत भरदार झाल्याचा भास होतो. म्हणून मी दोन्हींवर एकच चाचणी-स्वर लावतो, हेडफोन जोडलेला असतानाच मल्टिमीटरने व्होल्ट मोजून पातळी जुळवतो आणि मगच ऐकायला बसतो. हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्यानंतर पुष्कळ विशेषणे मागे घ्यावी लागतात. दोन्ही डबे पुरेसे सशक्त आणि कमी इम्पिडन्सचे असतील, तर एचडी ६५० वर कोणता चालू आहे हे मला ओळखता येत नाही. एचई-६ वर दुबळा अ‍ॅम्प्लिफायर मात्र लगेच उघडा पडतो.

सशक्त अ‍ॅम्प्लिफायरला संवेदनशील इअरफोन लावला, की त्याचे तोटेही ऐकू येतात: गाण्यांमधल्या शांततेत बारीक सरसर येते आणि आवाजाची कळ जेमतेम हलवली, तरी पातळी असह्य होते. त्यासाठीच पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरांवर गेनचे, म्हणजे संकेत किती पटीने वाढवायचा ते ठरवणारे, बटण असते. प्लॅनरसाठी ते वर आणि इअरफोनसाठी खाली ठेवावे, आणि हेडफोन बदलताना, कानात काहीही घालण्याआधी, आवाजाची कळ शून्यावर आहे ना, हे पाहून घ्यावे.