आमची वाटचाल: रात्री दोनचं गिऱ्हाईक

सासूबाईंनी नारायण पेठेत फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली तेव्हा गिऱ्हाईक जिना चढून वर यायचं. मग ओळखीतल्यांची मुलं अमेरिकेला गेली, त्यांच्यामागोमाग भाजणीच्या चकल्याही गेल्या. आता दिवाळीचा निम्म्याहून जास्त धंदा वेबसाइटवर होतो. गणपती उठले की ऑर्डरी सुरू होतात आणि नवरात्र संपता संपता आटोपतात, कारण पार्सल दिवाळीआधी पोचायला हवं. बाकी वर्षभर साइटवर माश्या मारायच्या.

त्यामुळे होस्टिंग कंपनी, म्हणजे जिच्या सर्व्हरवर आपली साइट राहते ती, बदलायची ठरली तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "मेंटेनन्स किती वाजता करता?" उत्तर ठरलेलं: मध्यरात्रीनंतर, तेव्हा गर्दी नसते. आमची गर्दी नेमकी तेव्हाच! पुण्यात रात्रीचे दोन म्हणजे त्या दिवसांत न्यू जर्सीत दुपारचे साडेचार. ऑफिसात कंटाळलेल्या माणसाला अनारसे तेव्हाच आठवतात.

९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे तेवढा वेळ साइट चालू राहील, असं जाहिरातीत वाचलं की भारी वाटतं. हिशोब केला तर महिन्याला सुमारे ४३ मिनिटं, वर्षाला पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी कंपनीने शब्द पाळलाच म्हणायचा. हे तास फेब्रुवारीत गेले तर आम्हाला कळणारही नाही. घटस्थापनेच्या आठवड्यात गेले तर भरपाई म्हणून मिळणार काय, तर पुढच्या बिलात थोडी सूट.

आधीच्या कंपनीकडून रात्री फक्त 'तुमची तक्रार नोंदवली आहे' एवढी आपोआप येणारी मेल यायची. म्हणून या वेळी पैसे भरण्याआधी दोन-तीन कंपन्यांना मुद्दाम रात्री दोन वाजता तांत्रिक प्रश्न पाठवला. एकाने प्लॅनची लिंक धाडली. एकाने उलट विचारलं, "तुमचं पीएचपीचं व्हर्जन कुठलं?" पीएचपी म्हणजे साइट ज्या भाषेत लिहिलेली असते ती; म्हणजे याने प्रश्न वाचला होता. तिथेच माझं मत ठरलं. भाव थोडा चढा होता. पण पहिल्या वर्षाचा स्वस्त आकडा मी बघतच नाही, दुसऱ्या वर्षाचं बिल १८ टक्के जीएसटीसकट लेखी मागते. आणि 'अनलिमिटेड'च्या अटी उघडून वाचते. जागा अमर्याद असते, फाइलींची संख्या मोजून दिलेली असते, आणि त्यात जुन्या मेलही धरतात.

सर्व्हर मुंबईत की अमेरिकेत यावर घरात बराच काथ्याकूट झाला. जास्त गिऱ्हाईक तिकडचं, म्हणून सर्व्हरही तिकडे घेतला. पुण्यातल्या लोकांना पान उघडायला किंचित वेळ लागतो, पण ते तसेही फोनच करतात.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र होस्टिंगवाल्याकडे ठेवलं नाही. ते वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे), आमच्याच नावावर आणि आमच्याच मेलवर आहे. साइट बनवून देणारी बरीच पोरं ते स्वतःच्या खात्यावर घेऊन ठेवतात आणि मग निघायची वेळ आली की अडतं. जी कंपनी सहज सोडता येते तिच्याकडेच मी निर्धास्त राहू शकते. जुनी कंपनी सोडतानाही मुहूर्त फेब्रुवारीचा धरला. डोमेन कुठल्या सर्व्हरवर न्यायचं ते डीएनएसमध्ये लिहिलेलं असतं, आणि ती नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवायची तो टीटीएल; तो आधी पाच मिनिटांवर आणला, म्हणजे बदल लवकर कळतो. मग त्यातल्या मेलच्या नोंदी तपासल्या, जुनी आणि नवी साइट काही दिवस शेजारी-शेजारी चालू ठेवली.

बॅकअपबद्दल मी जरा जास्तच काटेकोर आहे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत गेली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, तेही गेले. आमची एक प्रत कोथरूडला भाच्याच्या घरी हार्ड डिस्कवर असते, आणि श्रावणात ती एकदा दुसरीकडे चढवून साइट खरंच उभी राहते का ते बघतो.

होस्टिंगच्या नूतनीकरणाची तारीखही मुद्दाम मार्चात आणून ठेवली आहे. ऑटोपेमेंटसाठी, म्हणजे कार्डावरून आपोआप भरल्या जाणाऱ्या बिलांसाठी, रिझर्व्ह बँकेचा नवा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला आणि परदेशी कंपन्यांची कितीतरी बिलं अडकली. नवरात्र आठवड्यावर आलेलं. अशा वेळी चकल्या तळायच्या की बँकेच्या कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसायचं?