रुजू झाले, पगार कधी? शालार्थ आयडी मिळेपर्यंतचा माझा अनुभव

शिक्षकी पेशा परवडतो का, असं विचारणारे सगळे पगाराचा आकडा विचारतात. आकडा वाईट नाही. तो खात्यात कधीपासून पडायला लागतो, हे मात्र कुणी विचारत नाही. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत रुजू झाल्यापासून पहिली जमा होईपर्यंत माझे 11 महिने गेले. त्यातले 7 शालार्थ आयडीने, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीतल्या माझ्या क्रमांकाने, खाल्ले. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण माझ्या बाबतीत एका महिन्याने कमी पडली.

आधीचे टप्पे सरळ आहेत. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट: 120 गुण अभियोग्यतेला, 80 बुद्धिमत्तेला, वेळ 120 मिनिटं. एका प्रश्नाला 36 सेकंद मिळतात, म्हणून घड्याळ लावून सराव केला तरच उपयोग. टेट आणि टीईटी यांत गोंधळ नको. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, वेगळी द्यावी लागते. त्यानंतर पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ), पसंतीक्रम, मुलाखत, नियुक्ती आदेश. यात अडकण्यासारखं फार नाही, फक्त वाट पाहायची.

आता आकडे, कारण पुढचा वैताग त्यांच्याशिवाय कळणार नाही. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधन मिळतं. 1 जानेवारी 2023 पासून ते प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. ना महागाई भत्ता, ना घरभाडं. तीन वर्षं पूर्ण झाली की नियमित वेतनश्रेणी. प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन 29,200 पासून, प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचं 38,600 पासून, कनिष्ठ महाविद्यालयात 44,900 पासून.

माध्यमिकचं गणित मांडू. मूळ 38,600, महागाई भत्ता 55 टक्के धरला तर 21,230, घरभाडं 10 टक्क्यांच्या गावात 3,860. एकूण 63,690. त्यातून मूळ अधिक महागाई भत्त्याच्या 10 टक्के पेन्शन योजनेत, म्हणजे 5,983, आणि व्यवसाय कर 200. हातात साडेसत्तावन्न हजारांच्या आसपास. वाहतूक भत्ता आणि गटविमा धरलेला नाही. याच दराने तीन वर्षांचे होतात 22,92,840 आणि मानधनाचे होतात 6,48,000. म्हणजे वर्गात तेच काम करून शिक्षणसेवक 16 लाख 45 हजारांवर पाणी सोडतो. हे ठाऊक असूनच लोक येतात, मीही आले. पण ते 18,000 सुद्धा वेळेवर येणार नाहीत, हे कुणी सांगत नाही.

रुजू झाल्यावर संस्था तुमचा वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवते. त्यात लागतं ते असं: संस्थेचा ठराव, नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, त्या वर्षाची संचमान्यता (पटानुसार शाळेला मंजूर झालेली पदं), तपासलेली बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला राखीव, याची नोंद), पद रिक्त झाल्याचा पुरावा, सगळी गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं, राखीव जागा असेल तर जात वैधता, वैद्यकीय दाखला, चारित्र्य पडताळणी, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. बिंदुनामावली तपासल्याची तारीख जाहिरातीच्या आधीची हवी. नंतरची असेल तर संस्थेची चूक तुमच्या फाईलला चिकटते. रुजू होण्याआधीच मुख्याध्यापकांकडे ती प्रत मागून तारीख बघा. नव्या माणसाने असं विचारणं आगाऊपणाचं वाटतं, पण विचारा.

माझी मान्यता चौथ्या महिन्यात आली. पेढे वाटायची घाई करू नका. मान्यता म्हणजे तुमची नेमणूक शासनाने कबूल केली, एवढंच. पगार निघतो शालार्थ प्रणालीतून, आणि तिथे तुमच्या नावाचा आयडी नसेल तर मुख्याध्यापकांना पगाराच्या देयकात तुमचं नावच टाकता येत नाही. त्या आयडीसाठी दुसरा, स्वतंत्र प्रस्ताव. तो शाळेकडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून शिफारशीसह विभागीय शिक्षण उपसंचालकांकडे जातो. कागद जवळपास तेच, तपासणारे मात्र नवे. ज्या कार्यालयाने मान्यता दिली त्याच कार्यालयात आयडीच्या प्रस्तावासाठी तीच गुणपत्रकं पुन्हा तपासली जातात. मान्यता देताना काय पाहिलं होतं, असं तोंडावर येतं. गिळायचं.

शिवाय माझी फाईल निघाली ती नेमक्या वाईट वेळी. 2025 मध्ये नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, अधिकाऱ्यांना अटक झाली, चौकशी बसली. त्यानंतर सही करायला कुणी धजेना. बनावट मान्यतेवर आयडी निघाले होते, त्यामुळे आता मान्यता आदेश खरा आहे का, हे मूळ कार्यालयाच्या जावक नोंदवहीतून पडताळून मागतात. तपासणी व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हप्त्याहप्त्याने निघणाऱ्या त्रुटींबद्दल.

पहिलं त्रुटीपत्र: पदवीवर माहेरचं नाव, नियुक्ती आदेशावर सासरचं, तरी पुरावा जोडा. विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्राची प्रत दिली. दुसरं, दीड महिन्याने: ज्यांच्या जागेवर नेमणूक झाली त्यांचा सेवानिवृत्ती आदेश आणि त्या पदावर सध्या कुणाचंही वेतन निघत नसल्याचा वेतन पथकाचा, म्हणजे शाळांची पगार देयकं तपासणाऱ्या कार्यालयाचा, दाखला. तिसरं: चालू वर्षाची संचमान्यता जोडा.

या तिसऱ्यात खरी मेख आहे. संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावरून होते आणि आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. तुम्ही रुजू झालात तेव्हा पद मंजूर होतं, पण फाईल टेबलावर असताना वर्ष उलटलं की नवी संचमान्यता मागतात. दरम्यान पाच-दहा मुलं घटली किंवा त्यांचे आधार जुळले नाहीत तर पदच उडू शकतं. विलंब कार्यालयाचा आणि धोका तुमचा. म्हणून वर्गातल्या मुलांचे आधार जुळवण्याचं काम ‘अशैक्षणिक’ म्हणून झटकू नका. तुमची नोकरी त्यावर उभी आहे. बहुतेक वेळा नावातला काना-मात्रा, जन्मतारीख किंवा लिंगाची नोंद यांपैकी एकात फरक असतो. सप्टेंबरच्या आधी एकेक दुरुस्त करून घ्या.

पहिल्यांदाच केलं असतं तर निदान तीन महिने वाचले असते, अशा गोष्टी आता लिहिते. क्रम नाही, आठवतील तशा.

प्रस्तावाच्या प्रत्येक पानावर हाताने क्रमांक घाला आणि सगळ्यात वर निर्देशांक लावा: कागद कोणता, पान कोणतं. ‘अमुक कागद दिसून येत नाही’ ही त्रुटी निम्म्या वेळा खोटी असते. कागद आत असतो, पाहणाऱ्याने पान उलटलेलं नसतं. निर्देशांक असला की असं लिहायला तो कचरतो. प्रती तीन करा, चौथी स्कॅन करून स्वतःकडे ठेवा. शिपायाच्या हाती फाईल देऊन येऊ नका. आवक विभागात शिक्का, क्रमांक आणि तारीख पोचप्रतीवर घ्या. क्रमांक नसेल तर तुमची फाईल त्या इमारतीत अस्तित्वातच नाही.

त्रुटीची पूर्तता करताना फक्त मागितलेला कागद देऊ नका. सोबत पत्र लिहा: त्रुटीपत्राचा क्रमांक व दिनांक, मुद्दा, त्यापुढे पूर्तता आणि पान क्रमांक. शेवटी एक वाक्य घाला: ‘याव्यतिरिक्त काही त्रुटी असल्यास एकत्रितपणे लेखी कळवाव्यात.’ मी हे वाक्य दुसऱ्या पूर्ततेत घातलं नाही, म्हणून तिसरं पत्र आलं असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण मनात तेच आहे.

‘साहेब मीटिंगला आहेत’ याला उत्तर नाही. फाईल कुणाच्या टेबलावर आहे, याला मात्र आहे. माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर 150 शब्दांच्या आत, विषय एकच. ‘उशीर का झाला’ असं विचारू नका, कारण ‘का’ ही माहिती धरत नाहीत. आवक क्रमांक देऊन एवढंच मागा: या प्रस्तावाचा आजपर्यंतचा दिनांकनिहाय प्रवास, तो कोणत्या पदावरील कर्मचाऱ्याकडे किती दिवस होता आणि टिपणीच्या साक्षांकित प्रती. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला 20 रुपये. अनेकदा उत्तर येण्याआधी फाईलच हलते. माझी हलली.

त्याच्या जोडीला स्मरणपत्रात दप्तर दिरंगाईच्या 2005 च्या कायद्याचं कलम 10 लिहा. सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं ते सांगतं. भाषा नम्र ठेवा, कलम मात्र ठळक. मुख्याध्यापकांची सही घेऊन शाळेच्या नावानेच पाठवा, नाहीतर ‘परस्पर पत्रव्यवहार’ केला म्हणून तुम्हालाच विचारणा होईल. माहितीचा अर्ज मात्र नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करता येतो.

आणि आडून-आडून ‘खर्च’ सुचवला गेला तर: लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064. फोन करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पैसे देऊन घाईत काढलेला आयडी उद्या चौकशीत सापडला तर वसुली तुमच्याकडून होईल, हे नागपूरनंतर वेगळं सांगायला नको.

आयडी आला त्या दिवशी शाळेच्या लिपिकाने फक्त ‘आला बघा, मॅडम’ म्हटलं आणि मी पुढचा तास विसरले. पुढचं काम दोन दिवसांचं आहे. शालार्थमधलं नाव, पॅन, आधार आणि बँक खातं यांवरचं नाव अक्षरशः एकच असू दे, नाहीतर जमा परत फिरते. चालू महिन्याचं मानधन नेहमीच्या देयकात निघतं. मागचे महिने थकीत देयकात, वेगळे, पूर्वी रक्कम न काढल्याच्या दाखल्यासह आणि अनुदान उपलब्ध असेल तेव्हा. माझे 1,98,000 रुपये त्यात आहेत. व्यवसाय कर कापलेला दिसला तर तपासा: महिलांना महिना 25,000 पर्यंत तो लागत नाही.

कामाच्या ओझ्याबद्दल थोडक्यात. चार तुकड्या, प्रत्येकी 50 मुलं, म्हणजे एका चाचणीच्या 200 उत्तरपत्रिका. एकीला 6 मिनिटं धरली तरी 20 तास, आणि ते शाळेच्या वेळेत बसत नाहीत. शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवीला तयारीसह आठवड्याचे 45 तास सांगतो. वर ऑनलाइन माहिती भरणं, मतदार यादी, पोषण आहाराच्या नोंदी. त्याच कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बाहेरची कामं देता येतात. बाकीच्या कामासाठी लेखी आदेश मागा. तोंडी फर्मानं निम्मी तिथेच विरतात.

तर परवडतं का? घरात दुसरं उत्पन्न असेल किंवा वर्षभराचा खर्च बाजूला काढलेला असेल, तर हो, आणि नियमित वेतनश्रेणीनंतर चांगलंच परवडतं. कर्ज काढून बीएड केलेल्या, खोलीचं भाडं भरणाऱ्या एकट्या उमेदवाराला मी रुजू होण्याआधी किमान 12 महिन्यांची सोय करायला सांगेन, आणि विनाअनुदानित तुकडीची ऑर्डर असेल तर नीट वाचायला. ‘अनुदानित पदावर’ हे शब्द आदेशात आहेत का, ते बघा. शाळा अनुदानित असली तरी तुकडी नसू शकते.

तीन वर्षं झाली की नियमित श्रेणीसाठी पुन्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. गोपनीय अहवाल दरवर्षी लिहून घेतले नाहीत तर तेव्हा मागची तारीख टाकायची वेळ येते, आणि तीही एक त्रुटी ठरते. मी जूनमध्येच मागे लागते.

एक राहिलं. त्रुटीपत्राचं पाकीट फेकू नका. माझ्या दुसऱ्या पत्रावरची तारीख आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का यांत 19 दिवसांचं अंतर होतं, आणि पूर्ततेची मुदत होती 15 दिवसांची.