कान तयार आहेत म्हणे

दादाचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. मी घरी रेकॉर्ड केलेल्या बंदिशीचं कच्चं मिक्स ऐकलं आणि म्हणाला, "तुला काय गं, तुझे कान तयार. आम्हाला स्क्रीनकडे डोळे लावून बसावं लागतं." चांगल्या मनानंच म्हणाला. मग टोचलं का?

कान तयार असतीलही, पण ते मोकळे कुठे असतात? मला दिसत नाही, म्हणून स्क्रीनसुद्धा माझ्या कानातच राहायला आलीय; स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. दादा गाणं कानानं ऐकतो आणि मीटर डोळ्यानं बघतो. दोन कामं, दोन वाटा. इकडे मीटर बोलतो, ट्रॅकचं नाव बोलतं, म्यूट आहे की सोलो तेही बोलतं. आणि हे सगळं नेमकं, निषाद किंचित उतरलाय का हे ऐकायचं असतं तेव्हाच.

तरी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे म्हणून बरं. वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा, आणि त्यावर ओसारा फुकट, रीपरला स्क्रीन रीडरशी बोलतं करणारी जोडणी. ओसारा ज्यानं सुरू केलं तो जेमी टेह स्वतः अंध; एनव्हीडीए, म्हणजे माझा स्क्रीन रीडर, घडवणाऱ्यांतलाही तोच. वर-खाली बाणानं ट्रॅक बदलायचा, एफ-५ म्यूट, एफ-६ सोलो, एफ-७ नं ट्रॅक रेकॉर्डिंगला तयार, आणखी एक कळ की सुरू. हात बसले की माऊस आठवतही नाही. आधी लोक सोनार हे दुसरं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरायचे, जॉझ या स्क्रीन रीडरच्या स्क्रिप्ट्स लावून. २०१७ च्या नोव्हेंबरात गिब्सननं सोनार बनवणारी केकवॉक कंपनी गुंडाळली आणि वर्षानुवर्षं बसवलेले हात एका बातमीत निकामी झाले. तो विषय नकोच. तेव्हा जे झालं ते झालं.

बोलणारा आवाज आणि गाणं वेगळं करायचं तर साउंड कार्डं दोन लागतात. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये आउटपुट लॅपटॉपचं स्वतःचं कार्ड द्यायचं, आणि रीपरला इंटरफेसचा, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा, आसियो ड्रायव्हर; तो आवाज थेट त्या डब्याशी देतो-घेतो. दोघं एकाच कार्डावर असले तर काही आसियो ड्रायव्हर कार्ड असं धरून बसतात की एनव्हीडीए मुकं होतं, आणि मुकं झालेलं एनव्हीडीए 'मी मुकं झालोय' हे सांगणार कसं? एनव्हीडीएत आता साउंड स्प्लिट आलंय, बोलणं एका कानात आणि बाकीच्या प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात. ऐकायला छान. पण आसियोचा आवाज विंडोजच्या मिक्सरमधून जातच नाही, त्यामुळे रीपरवर त्याचा परिणाम शून्य. आणि झाला असता तरी तबला डावीकडे किती सरकवलाय हे एका कानानं ठरवायचं कसं? शेवटी मोठ्या बंद हेडफोनखाली एका कानात छोटा इयरफोन, हाच उपाय. कान दुखतो. तयार कान.

गाताना मात्र एनव्हीडीए-एस दाबत 'ऑन डिमांड'वर यायचं, म्हणजे विचारल्याशिवाय ते तोंड उघडत नाही. नाहीतर मागे एखादी अपडेटची सूचना आली की इयरफोनमधून झिरपून ती माइकमध्ये, आणि विलंबित आलापाच्या शांततेत कुजबुजल्यासारखी ऐकू येते. हेडफोन बंद पाठीचेच हवेत, त्याचं आणखी एक कारण तानपुरा. तो हेडफोनमधून गळून गळ्याच्या ट्रॅकमध्ये आला, की पुढे दोन टेक जोडताना गळा जुळतो, पण मागचा तानपुरा उडी मारतो. ती उडी कुठल्याही फेडनं झाकली जात नाही.

गेनचं, म्हणजे माइकचा आवाज किती चढवायचा याचं, दुखणं वेगळं. बऱ्याच इंटरफेसवर गेनच्या बटणाभोवती दिव्याचं कडं असतं: हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे फाटलं. माझ्यासाठी ते कडं नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. मग ओसाराचा पीक वॉचर लावायचा, गाण्यातली सगळ्यात जोरकस तान घ्यायची, आणि शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास येईपर्यंत बटण फिरवायचं. ठरवलेल्या पातळीच्या वर गेलं की तो स्वतःहून सांगतो. कधी सांगतो? अर्थात, मी तार षड्जावर असताना. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज एका वेळी जेवढ्या तुकड्यानं हाताळतो तो, १२८ सॅम्पल; ४८ किलोहर्ट्झला तो २.७ मिलिसेकंद होतो. जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून थोडं जास्तच, पण गळ्याला ते खपतं. ५१२ वर ठेवलं की स्वतःचाच आवाज मागून कोणी चिडवल्यासारखा येतो.

आणि कापाकापी. दादाला वाटतं कान असले की झालं. कापायचं कुठे ते कानाला कळतं, कबूल. पण कर्सर तिथे न्यायचा कसा? रीपरमध्ये डाव्या-उजव्या बाणानं कर्सर एक पिक्सेल सरकतो. पिक्सेल! जे मला दिसतच नाही त्याचं माप माझ्या हातात दिलंय. एक पिक्सेल म्हणजे किती वेळ, ते झूमवर ठरतं. ओसारा झूम बदलताना 'सेकंदाला इतके पिक्सेल' असं सांगतं, म्हणून निभावतं. सेकंदाला १०० म्हणजे एका बाणाला १० मिलिसेकंद. १००० केलं की १. मग स्क्रीनचा जो उपयोग मला नाही तो झूम मी कानासाठी वाढवत बसते. तबल्याला टॅब पुरतो, कर्सर पुढच्या ठोक्यावर आपोआप उडी मारतो, कारण 'ना' किंवा 'धा'ला स्पष्ट सुरुवात असते. गळ्यात 'क', 'त', 'ध' अशा अक्षरांवरही बऱ्याचदा बसतो. पण मींडेला सुरुवात कुठली? गंधारावरून षड्जावर उतरताना टॅबला काही म्हणजे काही सापडत नाही. कुठेतरी दूर पुढच्या शब्दावर जाऊन उभा राहतो. अशा वेळी जोड आकारात टाकायचाच नाही, मागे येऊन शब्दाच्या व्यंजनाआधी किंवा श्वासात टाकायचा. एस दाबून तुकडा करायचा, पुढचा टेक त्याच्यावर थोडा चढवायचा, ३०-४० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक विरत जातो तोवर दुसरा चढत येतो. आणि श्वास काढून टाकायचा नाही. श्वासाशिवाय आलेला मुखडा खोटा वाटतो.

मग जोड बसला का? ते ऐकायचं. तर जोडाच्या थोडं आधीपासून वाजवावं आणि नेमक्या त्या क्षणी कानात... जाऊ दे.

एक मात्र मला आज लिहिता लिहिता लक्षात आलं, की माझा राग दादाच्या वाक्यावर नाही, 'तुला काय' वर आहे. त्यात काहीतरी आयतं मिळाल्याचा हिशोब आहे. कान रियाजानं तयार झाले, आणि या बोलणाऱ्या बाईला ऐकत ऐकत दुसऱ्या बाजूनं सूर ऐकायचा हाही एक रियाजच. एनव्हीडीएला ई-स्पीक या सिंथेसायझरचा यांत्रिक आवाज मुद्दाम ठेवलाय मी, वेग भरपूर चढवून. गोड आवाजाचे नवे सिंथेसायझर आहेत, पण ते एक तर उशिरा बोलतात, आणि त्यांचा आवाज गाणाऱ्या गळ्याशी मिसळतो. ई-स्पीक पत्र्यासारखं आहे, गाण्यात विरघळत नाही. फक्त इंग्रजी आवाजावर देवनागरी नावं त्याला धड वाचता येत नाहीत, म्हणून ट्रॅकची नावं रोमनमध्ये. तानपुऱ्याचा 'टॅनप्यूरा' होतो. इतक्यांदा ऐकलंय की परवा गप्पांत मीच 'टॅनप्यूरा लाव' म्हणाले. हसायचं की रडायचं?

हसायचंच ठरवलं. कारण दुसरा तक्रारविषय काढला तर पान पुरायचं नाही, तो म्हणजे प्लगइन, रीपरमध्ये आवाजावर काम करायला जोडायचे छोटे प्रोग्रॅम. रीपरचे स्वतःचे ई-क्यू आणि कॉम्प्रेसर सरळ आहेत, सगळे आकडे ऐकू येतात. बाहेरच्या कित्येक प्लगइनची खिडकी म्हणजे एक चित्र, स्क्रीन रीडरला तिथे काहीच सापडत नाही. ज्यूस या प्लगइन बनवायच्या तयार साच्यावर बनलेली जरा बरी; त्याच्या ६.१ मध्ये, २०२१ साली, स्क्रीन रीडरची सोय आली. पण ती सोय वापरायची की नाही हे शेवटी प्लगइन बनवणाऱ्यावर. बाकीच्यांसाठी ओसाराची पॅरामीटरची यादी, तिथे नशीब असेल तर 'थ्रेशोल्ड', नाहीतर 'पी १७, ०.३७'. पी १७ म्हणजे काय ते हलवून ऐकायचं. परवाना टाकायच्या खिडकीत तर यादीही नसते. एनव्हीडीए-आर नं चित्रातली अक्षरं ओळखून घ्यायची, 'ॲक्टिव्हेट' सापडलं की एंटर. नाही सापडलं तर दादाला हाक. तोही बिचारा दोन मिनिटं शोधतो आणि म्हणतो, बटण राखाडीवर राखाडी आहे गं, मलाच दिसत नव्हतं. हे मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, आत्ता कबूल करते.

रिव्हर्ब बदलणार आहे. आत्ताच्या प्लगइनमध्ये प्रीसेटची नावं वाचता येत नाहीत, आणि जुना सेट केलेला परत सापडायला पी १ ते पी २२ हलवावे लागतात. रीपरमधला साधा रिव्हर्ब, आधी ई-क्यूनं खालचा २०० हर्ट्झपर्यंतचा गाळ काढून, पूर्ण साखळी एकाच नावानं जतन. अंतऱ्यातल्या 'मोरे' आधीचा जोड अजून खटकतोय. तो टेक उद्या पुन्हा घेते, सकाळी पंप सुरू व्हायच्या आत.