५ सप्टेंबरची भेट: भेंडीचे ठसे आणि शाडूची माती

लहान मुलांनी बाईंसाठी हातानं काही करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते 'काय करायचं' याची. खरं तर आधी बघायचं ते हे, की ते वाळणार कधी. गुरुपौर्णिमा आषाढात येते आणि शिक्षक दिन श्रावण-भाद्रपदात. दोन्ही वेळा हवा ओली. फेव्हिकॉल घट्ट होतो तो त्यातलं पाणी उडून गेल्यावर. मुंबई-कोकणात भर पावसात जाड थर लावला, तर रात्रभर पंख्याखाली ठेवूनही तो सकाळी आत पांढरा आणि मऊच सापडतो. दफ्तरात ठेवलं की चिकटवलेलं सगळं सरकतं आणि शाळेत पोचतो तो नुसता गोळा. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस म्हणून १९६२पासून ५ सप्टेंबर पाळला जातो. तारीख हलत नाही, म्हणून दिवस उलटे मोजता येतात. भेटकार्डाला २ दिवस, मातीच्या वस्तूला १० दिवस आणि रोपाला महिना, असा हिशेब धरावा.

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी माझी पहिली पसंती भेंडीच्या ठशांच्या कार्डाला. बालवाडीत ठसेकाम झालेलं असतं, त्यामुळे मुलाला नव्यानं काही शिकवावं लागत नाही आणि मोठ्यांना मध्ये हात घालायला फारसा वाव उरत नाही. भाजीला नको वाटणारी जून, जाड भेंडी इथे हवी, कारण कोवळी भेंडी दाबली की चुरगळते. देठापासून दोन बोटं सोडून आडवी कापा. देठाचा तुकडा मुलाच्या मुठीत नीट बसतो. धारदार सुरीनं एकाच घावात कापायची. सुरी मागेपुढे केली तर कापलेली बाजू उंचसखल होते आणि ठशाच्या फुलाच्या पाचातल्या तीनच पाकळ्या उमटतात. सुटलेल्या बिया काढून टाका. चिकट पाणी हा खरा त्रास असतो, ते रंगात मिसळलं की ठसा पसरतो. म्हणून तासभर आधी कापून, कापलेली बाजू खाली करून जुन्या सुती कापडावर ठेवा.

पोस्टर कलर वाटीत देऊ नका. वाटीत भेंडी बुडते, रंग आतल्या पोकळ्यांत भरतो आणि कागदावर फुलाऐवजी थारोळं पडतं. ताटलीत ओलसर, घट्ट पिळलेला स्पंज ठेवून त्यावर चमचाभर रंग पसरा, म्हणजे शाईच्या पॅडसारखं काम होतं. एकदा रंग लावला की दोन-तीन ठसे निघतात. पहिला गडद येतो, म्हणून तो रद्दीवर. कागदाखाली वर्तमानपत्राची बोटभर जाड चळत ठेवा. टणक टेबलावर ठसा अर्धवट उमटतो, मऊ गादीवर कडा पूर्ण टेकतात. मुलाला दोनच सूचना द्या: दाब, उचल. मुलं भेंडी गोल फिरवतात, ठसे बिघडतात ते तिथेच. रंग दोनच आणि प्रत्येक रंगाला वेगळी भेंडी. तीन रंग दिले की पाच मिनिटांत सगळं तपकिरी होतं.

कागद साधा झेरॉक्सचा नको, तो ओल्या रंगानं गुंडाळतो. २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम, हे कागदाच्या वजनाचं माप) वरचा कार्डशीट घ्या. ए-फोर आकाराचा एक कागद मधोमध दुमडला की एक कार्ड होतं. दुमडायच्या रेषेवर पट्टी धरून, संपलेल्या बॉलपेननं एकदा दाबून ओढा, नाहीतर घडी फाटल्यासारखी दिसते. ठसे मात्र सपाट कागदावरच काढायचे, घडी सगळ्यात शेवटी. आणि एक नाही, तीन कागद द्या. मुलाला थांबणं जमत नाही, मोकळी जागा दिसली की ते ठसा मारतंच. तिसऱ्या कागदापर्यंत हात बसलेला असतो आणि तीनातून कुठलं द्यायचं हे त्यानंच ठरवावं. रंग हाताला लागेनासा झाला की वर कोरा कागद ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. वर्तमानपत्र ठेवलं तर त्याची शाई उतरते.

आतला मजकूर हा कार्डाचा जीव, आणि नेमका तोच मोठी माणसं बिघडवतात. 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' छापील अक्षरात चिकटवलेली चाळीस कार्डं बाईंना एका दिवसात मिळतात. त्याऐवजी मुलाला नेमका प्रश्न विचारा. 'बाई कशा आहेत?' याला 'छान' एवढंच उत्तर येतं. 'बाई तुम्हाला कशावरून हसतात?', 'डबा खाताना बाई काय सांगतात?' असं विचारलं की ऐकण्यासारखं बाहेर येतं. जे वाक्य आलं ते तसंच, व्याकरण न सुधारता, पेन्सिलीनं बारीक लिहून द्या आणि ते मुलाला जाड स्केचपेननं गिरवू द्या. लिहिता येत असेल तर दीड सेंटिमीटर अंतरावर रेघा आखून द्या. उलटा 'ठ' उलटाच राहू दे. मागच्या बाजूला नाव, तुकडी आणि साल मात्र मोठ्यांनी लिहावं. ढिगात नुसतं 'आरव' लिहिलेली तीन कार्डं असतात.

शिक्षक दिनाच्या मागेपुढे गणपती असतात, म्हणून या दिवसांत शाडू सहज मिळतो. त्याचं पेपरवेट छान होतं. पाव किलो माती पुरते. पाणी थोडं थोडं घालत दहा मिनिटं मळायची, बोटांना चिकटायची थांबली की झाली. आत हवा राहिली तर वाळताना तिथेच तडा जातो. गोळा तळहातानं दाबून दीड सेंटिमीटर जाडीची चकती करायची. त्यावर पिंपळाचं किंवा जास्वंदीचं पान उलटं ठेवायचं. शिरा मागच्या बाजूला उठलेल्या असतात, म्हणून ती बाजू मातीकडे. वरून लाटणं एकदाच फिरवायचं आणि पान देठाला धरून उचलायचं. हातापायांचे ठसे घ्यायचा मोह होतो, पण त्याला मोठी चकती लागते, आणि मोठी चकती पावसाळ्यात हमखास कड उचलते.

वाळवायचं सावलीत. ऊन दिसलं म्हणून गच्चीत ठेवलं किंवा हेअर ड्रायर लावला, तर वरचा थर आधी आक्रसतो, आतला ओला राहतो आणि मधोमध भेग पडते. रोज एकदा उलटवा, खालचा कागद बदला. आठवडा लागतो. गालाला लावून गार वाटलं तर आत अजून पाणी आहे, गेरू किंवा रंग लावायची घाई नको. हा शाडू भाजलेला नसतो, ओल्या फडक्यानं पुसला तर विरघळेल. तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या.

रोप द्यायचं तर झेंडूचं. ऑगस्टच्या सुरुवातीला पेरलं की ५ सप्टेंबरला चांगलं हातभर नाही तरी वीतभर होतं. दसऱ्याच्या तोरणातली फुलं वाळवून ठेवली असतील तर बी घरचंच, पण हारासाठी खुडलेल्या फुलांतलं बरंच बी पोकळ असतं. त्यातलं जाड, काळं, बोटानं वाकवल्यावर न मोडणारं तेवढं निवडा आणि दुप्पट पेरा. कुंडी म्हणून डोळ्यांकडची करवंटी घ्या. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्यानं टोचला की पाणी निघून जायला भोक तयार.

डाळ-तांदळाची चित्रं टाळा, दमट कपाटात महिन्याभरात किडे होतात. तसंच काही उठावदार हवं असेल तर पिस्त्याची टरफलं वापरा. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहेच. चमकी मला अजिबात मान्य नाही. ती बाईंच्या साडीला, हजेरीपटाला आणि मुलांच्या डोळ्यांना लागते, आणि तिच्यामुळे मुलाच्या हातचं काम दिसेनासं होतं.

एक जास्तीचं कार्ड वर्गातल्या मावशींसाठी आणि एक व्हॅनकाकांसाठी करून घ्या, तेवढ्याच रंगात होतं. नेताना कार्ड वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून वर प्लास्टिकची पिशवी बांधा, आणि पाण्याची बाटली त्या दिवशी दफ्तराच्या बाहेरच्या कप्प्यात.