कॅम स्टॉकच, म्हणजे कंपनीचा मूळचाच!

माझ्या जिप्सी गाडीच्या इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, आज उघडलं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या लोबवर (उंचवट्यावर) नख फिरवलं तर चरे स्पष्ट लागत होते, म्हणजे कॅम बदलणं आलंच. मेस्त्री म्हणाले, "इंजिन खोललंच आहे, तर परफॉर्मन्स कॅम टाकू या का?" मोह झाला, खरंच! पण त्या कॅमने व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात. ताकद वरच्या आरपीएमला (इंजिन जोरात फिरताना) मिळते, खालचा टॉर्क, म्हणजे कमी आरपीएमची ओढ, जातो आणि उभ्या गाडीचं आयडलिंगही खडबडीत होतं. माझी गाडी भर पावसात, सामानानिशी ताम्हिणी घाट चढते, सेकंड गिअरमध्ये. तिथे खालचीच ओढ लागते. स्टॉक कॅमच सांगितला. वाचलेले पैसे रॉकर आर्म (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह दाबणारे), टायमिंग बेल्ट आणि ऑइल सीलला. घासलेले रॉकर नव्या कॅमवर अजिबात बसवू नका, नवा लोबही खातात. पार्ट शनिवारी येतोय.