निघोजचे रांजणखळगे: आधी टेप टाका, मग बघा

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही बाराजण क्षेत्रभेटीला निघोजला जाऊन आलो. पारनेर तालुका, कुकडीचं पात्र. पुण्याहून शिरूरमार्गे दोन-अडीच तास. मळगंगेच्या देवळाजवळ गाडी लावून खाली उतरलो. भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्टमध्ये कोरलेले ते रांजण बघून सगळे आधी फोटोच काढत सुटले.

पुढचा तास मोजमापात गेला आणि वायाच गेला. जो तो मोठा, देखणा खळगा गाठत होता. सरांनी वही चाळली नि एवढंच विचारलं, "बारके कुठे गेले?" मग पात्रात आडवा तीस मीटरचा टेप टाकला. दर दोन मीटरला थांबायचं आणि सगळ्यात जवळचा खळगा मोजायचा, तो कसाही असो. हा क्रमबद्ध नमुना. सरासरी व्यास निम्म्याहून खाली आला! दुसऱ्या गटाकडे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखे आलेले आकडे होते; मोजायचे बिंदू त्यांवरून ठरत. त्यांचे तीन बिंदू थेट घळीतल्या पाण्यात पडले. अशा वेळी खाली उतरू नका. बिंदू गाळल्याची नोंद करा, शेजारचा सोयीचा खळगा गुपचूप घेऊ नका. पुन्हा गेलो तर मी काठ आणि घळीची कड असे पट्टे पाडून प्रत्येकातून वेगळा, म्हणजे स्तरित नमुना घेईन.

खोली हे खरं दुखणं. पट्टी सोडली की ती तळाला नाही, वाळूवर टेकते. म्हणून "६२ सेंमी, वाळूपर्यंत" असं लिहा. दोन खळगे फुटून एक झाले असतील तर एक धरायचा की दोन, हे गाडीतच ठरवा; आम्ही उन्हात उभं राहून भांडलो.

आकाराला संकेतांक दिले होते: गोल १, लांबट २, जोडलेला ३. एका पठ्ठ्याने एक्सेलमध्ये त्यांचीही सरासरी काढली, १.७! व्यासाची सरासरी निघते, नावांची कुठून निघणार? तिथे कोणते किती, एवढंच मोजायचं.

मुलाखती मात्र देवळाबाहेरच्या दुकानदारांच्याच झाल्या. ते गावाचं मत म्हणून खपवता येणार नाही. वस्तीवर, शेतावर जायला अर्धा दिवस वेगळा ठेवा.

नदीला पाणी सोडलंय का, हे निघण्याआधी गावात विचारून घ्या. बूट पकड असलेले हवेत. आठला काम सुरू करा, अकरानंतर खडक तापतो. आणि पेन नको, शिसपेन्सिल. आमच्या एका वहीवर बाटली सांडली आणि आठ खळगे शाईत बुडाले.