अमावास्येचे डबे

शनिवार, सकाळ उजाडून गेल्यावर

झोपायला हवं, पण डोळा लागत नाहीये. पहाटे तिनाच्या सुमाराला घेतलेली कॉफी अजून अंगात आहे. कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, हे मला चांगलं ठाऊक आहे आणि तरी दर अमावास्येला मी तेच करते. कॅफीन काही थकवा घालवत नाही. ॲडेनोसिन नावाचं रसायन मेंदूत ज्या जागी चिकटून झोप आणतं, त्या जागा ते अडवून ठेवतं. थकवा आहे तिथेच असतो, फक्त कळत नाही. आत्ता कळायला लागलाय.

कालची रात्र आमच्या आकाशनिरीक्षण गटाच्या मेसिए मॅरेथॉनची होती. शार्ल मेसिए हा अठराव्या शतकातला फ्रेंच धूमकेतू शोधणारा. धूमकेतूसारखे दिसणारे, पण जागचे न हलणारे अंधुक ठिपके त्याला सारखे चकवायचे, म्हणून वैतागून त्याने त्यांची यादीच केली. आज ती 110 ठिपक्यांची धरतात. मार्चच्या अमावास्येच्या आसपास सूर्य आकाशात अशा भागात असतो, की त्याच्या शेजारी यादीतलं फारसं काही नसतं. त्यामुळे नेट लावला तर एका रात्रीत जवळजवळ सगळी यादी पाहून होते. आमचं किती झालं ते नोंदवहीत आहे. मला लिहायचंय ते डब्यांबद्दल.

अंधारात जेवायचे आमचे काही नियम आहेत. ते कुणी बसून ठरवले नाहीत, हळूहळू पडत गेले. तेलकट काही नाही, कारण तेलाचं बोट आयपीसला, म्हणजे दुर्बिणीत डोळा लावायच्या भिंगाला, लागलं की त्या रात्रीपुरता तो आयपीस गेलाच. पिठूळ, भुगा पडणारं काही दुर्बिणीच्या आरशाच्या जवळपास नाही. वाफाळता कप दुर्बिणीपासून लांब, नाहीतर काच धुरकटते. आणि डबा उघडायला टॉर्च लावायचा नाही. डोळ्यातल्या मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी अंधाराला पुऱ्या सरावायला अर्धा तास तरी जातो, आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती कमाई क्षणात वाया जाते. मंद लाल दिवा चालतो, पण लाल उजेडात टोमॅटो आणि काकडी सारखेच दिसतात. त्यामुळे आम्ही जेवतो ते चाचपडत.

म्हणून मग शेंगदाणे, खजूर, उकडलेली अंडी, केळी, कोरडी सँडविचेस. अंधारात कोण आलं हे मला आता आवाजावरून नाही, डब्यावरून कळतं. खजुराच्या बिया रिकाम्या डबीत टाकल्याचा टक्-टक् आवाज म्हणजे काका. अंड्याचं कवच खुर्चीच्या दांड्यावर आपटलं की आमचा चित्रकार, जो ग्रहांची पेन्सिलचित्रं काढतो. कडू चॉकलेटचा वास म्हणजे मोठ्या दुर्बिणीवाली. तिला साखर घातलेलं काहीही 'बाळबोध' वाटतं. ती कोबीसुद्धा कच्चा खाते, शांतपणे, सफरचंद खावं तशी.

काल रात्री मजा झाली. म्हणजे एक सोडून सगळ्यांना मजा वाटली. गटात नवीन आलेला मुलगा, अजून लाजरा, कुणाच्या डब्याला नाही म्हणत नाही. त्याच्या हातात मी सँडविच ठेवलं. त्यात चीज, काकडी आणि भरपूर कोथिंबीर. पहिलाच घास घेतला आणि थू थू करत उठला. "साबण! यात साबण पडलाय!" आधी मी घाबरले, मग स्वतः चाखून पाहिलं. कोथिंबीरच होती, ताजी, छान.

"अरे, कोथिंबिरीला कसला आलाय साबणाचा वास!"

"मला लागतो. लहानपणापासून लागतो. उजेडात मी काढून टाकतो."

यावर झालेला हशा लांबपर्यंत ऐकू गेला असेल. 'नाजूक जीभ', 'आईने लाडावून ठेवलाय' वगैरे. तो बिचारा केळं खात गप्प बसला.

यानंतर तासाभरात पूर्वेला हंस तारकासमूह वर आला आणि मॅरेथॉन बाजूला ठेवून सगळ्यांनी अल्बिरिओ पाहिला. तो यादीत नाही, पण हंसाच्या चोचीशी असलेली ती जोडी वर आल्यावर न पाहता पुढे जाणं आमच्यात कुणाला जमत नाही. साध्या डोळ्यांना एक तारा, दुर्बिणीत दोन. मधलं अंतर 35 विकलांच्या आसपास (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). काकांनी नोंदवही उघडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "बोला, रंग कोणते?"

चित्रकार म्हणाला, सोनेरी आणि निळा. मोठ्या दुर्बिणीवाली म्हणाली, नारिंगी आणि जांभळट. काकांना स्वतःला लहान तारा पांढराच दिसला, जरासा हिरव्याकडे झुकणारा. नवीन मुलगा म्हणाला, पिवळा आणि आकाशी. काकांनी चारही उत्तरं लाल दिव्याखाली नीट, प्रत्येकाच्या नावापुढे लिहिली. कुणी हसलं नाही. कुणी कुणाला म्हणालं नाही की तुझे डोळे लाडावलेत.

हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं असं नाही. खटकलं ते आत्ता, कॉफीमुळे.

रविवार, दुपार

झोप झाली. कालचं डोक्यात तसंच आहे.

दुहेरी ताऱ्यांच्या रंगांवरून निरीक्षकांचं एकमत होत नाही ही जुनी गोष्ट आहे, आणि त्याची कारणं आम्ही एकमेकांना आवडीने सांगत असतो. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. दुर्बीण मोठी असेल तर रंग फिका वाटू शकतो. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं, म्हणून काकांना निळा तारा निळा दिसत नाही. अंधुक दीर्घिका पाहायची तर थेट तिच्याकडे बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं, कारण दृष्टीच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच. ही तिरकी नजर कुणाची लवकर बसते, कुणाची वर्षभरात बसत नाही. यातल्या कशालाही आम्ही नखरे म्हणत नाही. 'ज्याचा त्याचा डोळा' म्हणतो आणि पुढच्या ठिपक्याकडे जातो.

मग जिभेचं काय घोडं मारलंय?

कोथिंबिरीचा वास ज्या अल्डिहाइड गटातल्या रसायनांमुळे येतो, त्याच जातीची रसायनं साबणातही असतात. नाकात ती ओळखणारे जे ग्राहक (रिसेप्टर) आहेत, त्यांतल्या एकाच्या OR6A2 या जनुकाजवळच्या फरकाचा साबणाच्या वासाशी संबंध 2012 मध्ये दिसून आला. सगळाच उलगडा त्याने होत नाही, सवयीचाही वाटा आहे. पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. साबण त्याच्या नाकात खरंच होता.

आमच्या कोबीवालीचं उलट असणार, असा माझा अंदाज. 1931 मध्ये आर्थर फॉक्स हा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक पांढरी भुकटी ओतत होता, पीटीसी नावाची. थोडी हवेत उडाली. शेजारी काम करणारा सहकारी कुरकुरला, की तोंड कडू झालं. फॉक्सला काहीच लागेना. दोघांनी चाखून पाहिली, तरी एकाला कडू, दुसऱ्याला बेचव. मग त्याने भेटेल त्याला चाखायला लावली आणि माणसांचे सरळ दोन गट पडले. पुढे 2003 मध्ये यामागचं TAS2R38 हे जनुक सापडलं. कोबी, ब्रोकोलीतला कडवटपणा याच वाटेने कळतो. म्हणजे जिला कच्चा कोबी सफरचंदासारखा खाता येतो, तिच्या अंगी फार मोठा संयम आहे असं समजायचं कारण नाही. कदाचित तिला तो कडवटपणा पोचतच नसेल. हे तिला सांगितलं तर आवडणार नाही. कडू खाण्याचा तिला अभिमान आहे.

आणि काका? ते चहात तिसरा चमचा साखर घालतात म्हणून आम्ही टोकतो. वयाबरोबर वासाची जाण कमी होत जाते, आणि ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा वासच असतो. शिवाय थंडी. गोड कळण्यासाठी जिभेवरच्या पेशींमध्ये जी यंत्रणा लागते ती ऊब असताना जास्त जोरात चालते. म्हणून गार झालेला चहा कमी गोड लागतो आणि वितळलेलं आइस्क्रीम मिट्ट गोड. पहाटे, नाक गळत असताना, थर्मासच्या तळाचा कोमट चहा पिणाऱ्या वयस्कर माणसाने साखर वाढवली, तर तो आपला मूळचा गोडवाच परत मिळवू बघतोय. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलीय हा मुद्दा वेगळा, आणि तो मी सोडणार नाही.

तिखटाच्या बाबतीत मात्र मी कुणाची बाजू घेणार नाही. तिखट ही चवच नाही मुळात. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहकाला जाऊन चिकटतं, तो खरं तर 43 अंशांच्या वरची उष्णता कळवायला असतो. डेव्हिड ज्युलियस यांनी तो 1997 मध्ये ओळखला, 2021 मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. हाच ग्राहक डोळ्यातल्या नसांवरही असतो. आमच्यातल्या एकाने एकदा तिखट शेंगदाणे खाल्लेल्या बोटांनी डोळा चोळला आणि लगेच आयपीसला लावला. त्याची रात्र तिथेच संपली. वर त्याला पाण्याने चूळ भरायला लावली ती वेगळीच, कारण तोंडही पेटलं होतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध हवं होतं, त्यातलं केसीन हे प्रथिन ते धुऊन नेतं. तेव्हापासून तिखट बंद. ही आवडीनिवडीची गोष्ट नाही, उपकरणाच्या देखभालीची आहे.

आणि गाजरं. मला गाजरं आवडतात म्हणून मी आणते, पण दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "हो, रात्री दिसायला बरं." ही समजूत रुजायला दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश प्रचाराचा मोठा हातभार लागला. विमानात बसवलेल्या रडारचा बोभाटा होऊ नये म्हणून रात्रीच्या वैमानिकांची नजर गाजरांनी तेज झाल्याच्या बातम्या पसरवल्या गेल्या. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, हे खरं. पण पोटभर जेवणाऱ्या माणसाला टोपलीभर गाजरं खाऊन अंधुक दीर्घिका एक कणही जास्त दिसत नाही. मला तरी दिसलेली नाही.

रविवार, रात्र

ढग आहेत, म्हणून वाचत बसले होते. कॅरोलाइन हर्शलच्या आठवणींतला एक तपशील मला फार आवडतो. भाऊ विल्यम दुर्बिणीचा आरसा घासायला बसला की हात काढायचा नाही, कारण मध्येच थांबलं तर पृष्ठभाग बिघडायचा. एकदा म्हणे सलग 16 तास. तेव्हा ती त्याला घास भरवायची, आणि काम चालू असताना वाचूनही दाखवायची. त्याच विल्यमने 1781 मध्ये घरी बनवलेल्या दुर्बिणीतून युरेनस शोधला. तिने पुढे स्वतः आठ धूमकेतू शोधले, म्हणजे घास भरवणं ही तिची मुख्य ओळख नव्हे. पण मला कुतूहल आहे ते वेगळंच: ती काय भरवायची? त्याला काय आवडायचं? त्याने एखादा घास कधी नाकारला का? ग्रह, धूमकेतू, आरशांची मापं सगळं नीट लिहून ठेवलेलं असतं. ताटात काय होतं ते क्वचित.

आमच्या नोंदवहीचंही तसंच आहे. तारीख, वेळ, आकाशाची स्वच्छता, वारा, दुर्बिणीचा व्यास, आयपीस, दिसलेलं, न दिसलेलं. डब्यांबद्दल एक ओळ नाही. खरं तर नोंदी वाचताना मला रात्र आठवते ती डब्यावरूनच. कुठल्या रात्री देवयानी दीर्घिकेचा विस्तार छान दिसला हे विचाराल तर वही बघावी लागेल. पण त्या रात्री अंडी कच्ची राहिली होती आणि चित्रकार कवचातून ओघळलेलं बोटाने चाटत होता, हे लगेच सांगेन.

म्हणून मी काकांना फोन करून सुचवलं, की पुढच्या वेळेपासून एक रकाना वाढवू या.

"कसला?"

"कोणाला काय लागलं, त्याचा."

"अगं, लागलं म्हणजे? दुखापत?"

"चव हो, काका."

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, वही काही स्वयंपाकघर नाही. मग पुन्हा थोडं थांबून म्हणाले, की असेल तर शेवटच्या पानावर, उलट्या बाजूने, पेन्सिलीने. त्यांच्याकडून एवढी सूट म्हणजे पुष्कळ झालं.

नव्या मुलालाही विचारलं, काय चालतं. त्याचं उत्तर आलं ते अपेक्षेपेक्षा लांबलचक होतं. कोथिंबीर नाही, हे तर झालंच. पिकलेलं केळं नाही, काल घेतलं ते भिडेखातर. खजूर चालेल. कडू चॉकलेट अजिबात नाही, पण ताईंना सांगू नका. अंडं चालेल, पण पिवळं घट्ट हवं. गाजर आवडतं. वर एक प्रश्न: अल्बिरिओचा लहान तारा काकांना खरंच हिरवट दिसतो का, की ते आमची परीक्षा घेतात?

गाजरं दोघांपुरती आणेन. सँडविचेसच्या दोन पिशव्या करायच्या, एक कोथिंबिरीची, एक बिनकोथिंबिरीची. अंधारात ओळखायला बिनकोथिंबिरीच्या पिशवीला रबरबँड. चीज दोन्हींत, त्यावर अजून कुणी हरकत घेतलेली नाही.